‘अग्रे’ कीं ‘अग्नेः’? : सहगमनाच्या एका कथित वेदाधाराची छाननी

मीमांसकांच्या घरीं एक जुना वाद आहे. सोमयागांत सदोमंडपामध्यें उंबराचा एक खांब पुरतात. त्यास औदुंबरी म्हणतात. हा खांब सबंध वस्त्रानें वेष्टावा असें एक स्मृतिवचन सांगतें. उलट त्यास स्पर्श करून उद्गात्यानें गान करावें असें श्रुति सांगते. खांब सगळाच झांकला तर स्पर्श कशाला करावयाचा? जैमिनीनें पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत निर्णय दिला आहे कीं, प्रत्यक्ष श्रुतीशीं विरोध येईल तेथें स्मृति बाजूस ठेवावी; विरोध नसेल तेथेंच तिच्यामागें एखादी श्रुति असेल असें अनुमान करावें. शबरस्वामी ह्याहीपुढें एक पाऊल टाकतात. कोणा ऋत्विजास वस्त्राचा लोभ सुटला आणि त्यांतून हें वचन निघालें असावें, असें ते उघड लिहून जातात. कुमारिलभट्टांस शबरांचें हें बोलणें रुचलें नाहीं, हा भाग वेगळा. परंतु गुरुवचन कितीही ठाम असलें तरी तें मूळ श्रुतीवर घासून पाहावें, ही कसोटी आमच्याच शास्त्रानें घालून दिलेली आहे. ती बाहेरून आलेली नाहीं, एवढें ह्यावरून स्पष्ट व्हावें.

कसोटी असली तरी ती लावण्यास मूळ ग्रंथ हाताशीं असावा लागतो. तो नसला, किंवा असूनही कोणी उघडून पाहिला नाहीं, म्हणजे काय होतें ह्याचें एक उदाहरण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत आहे. पोथ्या जमविणारांस आणि पाठभेद टिपणारांस तें विशेष विचार करण्यासारखें आहे, कारण येथें प्रश्न एका जोडाक्षराचा होता आणि त्यावर टांगलेलीं होतीं माणसें.

दहाव्या मंडलाचें अठरावें सूक्त अंत्यकर्माचें आहे. त्यांतील सातव्या ऋचेंत ज्या स्त्रियांचा उल्लेख आहे त्यांस ‘अविधवा’ व ‘सुपत्नी’ हीं विशेषणें आहेत. डोळ्यांत अंजन व घृत घातलेल्या, अश्रुरहित, निरोगी, अलंकृत अशा ह्या स्त्रियांनीं ‘अग्रे’ म्हणजे सर्वांच्या आधीं ‘योनि’ म्हणजे गृह ह्यांत यावें, असा त्या ऋचेचा आशय सायणाचार्यांनीं दिला आहे. पुढच्या, म्हणजे आठव्या, ऋचेंत प्रेताजवळ पडून असलेल्या पत्नीस उद्देशून, ऊठ, जिवंतांच्या जगाकडे ये, असें सांगितलें आहे. आश्वलायन गृह्यसूत्रांत दोन्ही ऋचांचा विनियोग स्पष्ट आहे. चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या कंडिकेंत पत्नीस प्रेताच्या उत्तरेस बसवून मग दीर, शिष्य किंवा म्हातारा नोकर ह्यांपैकीं कोणी आठव्या ऋचेनें तिला उठवावें असें विधान आहे. सातवी ऋचा त्या कर्मांत येतच नाहीं. ती येते सहाव्या कंडिकेंत, मागाहून करावयाच्या शांतिकर्मांत. तेथें घरांतील तरुण स्त्रिया दर्भाच्या कोवळ्या पात्यांनीं डोळ्यांस लोणी लावतात, आणि त्या तें लावीत असतां कर्त्यानें ही ऋचा म्हणून त्यांच्याकडे पाहावयाचें असतें. मंत्रांत अंजन व घृत कां, ह्याचें उत्तर येथें घरगुती साधेपणानें मिळतें. चितेचा येथें संबंध नाहीं. स्त्रियाही मृताच्या विधवा नव्हत, तर घरच्या सुवासिनी.

आतां बंगालकडे वळूं. इ. स. १७९५ मध्यें ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडांत हेन्री टॉमस कोलब्रुक ह्यांचा हिंदु विधवेच्या कर्तव्यांवरील निबंध छापला गेला. सहगमनविधीचे वेळीं म्हणावयाचा मंत्र म्हणून त्यांत हीच ऋचा, ऋग्वेदाच्या नांवानें, इंग्रजींत उतरून दिली होती. त्या भाषांतराप्रमाणें ह्या स्त्रियांनीं स्वतःस अग्नीच्या स्वाधीन करावें आणि ज्याचें मूळ जल आहे अशा अग्नींत प्रवेश करावा. कोलब्रुक हे कांहीं उथळ गृहस्थ नव्हते. वेदांविषयीं १८०५ सालीं त्यांनीं लिहिलेला निबंध पुष्कळ काळ युरोपांत प्रमाण मानला गेला. ह्या प्रसंगीं मात्र त्यांच्यापुढें होते ते बंगाली धर्मशास्त्राचे निबंध व ते सांगणारे पंडित. ऋग्वेदसंहितेच्या पोथीशीं हा मंत्र ताडून पाहिला गेला असता तर हें भाषांतर असें उतरलेंच नसतें. बंगालच्या निबंधग्रंथांत सर्वांत वजन होतें तें सोळाव्या शतकांतील रघुनंदन भट्टाचार्यांच्या अठ्ठावीस तत्त्वांचें. आणि त्यांपैकीं शुद्धितत्त्वांत सहमरणाचा विधि आहे.

ह्या पाठाची पकड किती घट्ट होती हें पाहावयाचें असेल तर राममोहन रॉय ह्यांची १८१८ सालची पुस्तिका वाचावी. सहमरणाचा पुरस्कर्ता व निषेधक ह्यांच्यामधील तो संवाद आहे. पुरस्कर्ता हीच ऋचा वेदवचन म्हणून पुढें करतो, आणि तिच्यांत अग्नीला संबोधून, तो जलाचा जनक असल्याचें म्हटलें आहे, असा अर्थ दिला आहे. निषेधक, म्हणजे स्वतः राममोहन, पाठावर आक्षेप घेत नाहींत. ते वेगळ्या वाटेनें जातात: स्वर्गफळाच्या आशेनें केलेलें कर्म काम्य, आणि काम्यकर्म हीन, कठोपनिषदांतील श्रेय व प्रेय ह्यांचा भेद, विधवेनें ब्रह्मचर्यानें राहावें हें मनूचें वचन. वादाची ही बैठक भक्कम होती ह्यांत शंका नाहीं. परंतु सहगमनाच्या सर्वांत धारदार विरोधकानेंही प्रतिपक्षाच्या हातांतील मुख्य शस्त्र खरें मानून मगच लढाई केली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्या काळीं कंपनी सरकार पंडितांच्या व्यवस्था मागवून कोणतें सहगमन शास्त्रोक्त व कोणतें अशास्त्र हें ठरवीत होतें. १८१५ पासून १८२८ पर्यंत बंगाल इलाख्यांत सरकारदप्तरीं नोंदलेल्या सतींची संख्या ८,१३४ आहे. हीं सर्व त्या ऋचेमुळें गेलीं असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. पण त्या त्या वेळीं, हें वेदानें सांगितलें आहे, असें सांगणारा आवाज ठाम होता, आणि त्याला पोथी दाखवा म्हणणारा कोणी नव्हता.

१८२९ सालच्या ४ डिसेंबरास बेंटिंकनें कायद्यानें ही चाल बंद केली. तत्पूर्वी १८२८ मध्यें सरकारनें ज्यांचीं मतें मागविलीं त्यांत होरेस हेमन विल्सन हेही होते. हा प्रकार हिंदूंच्या धर्माचा भाग आहे, सबब त्यांत हात घालूं नये, असा त्यांचा सल्ला होता. हेच विल्सन पुढें ऑक्सफर्डला संस्कृतचे अध्यापक झाले आणि १८५४ च्या फेब्रुवारींत रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें त्यांनीं जो निबंध वाचला त्याचा विषय होता, विधवादहनाचा तथाकथित वैदिक आधार. दहावें मंडल तेव्हां छापून झालेलें नव्हतें; हस्तलिखितांवरच काम करणें प्राप्त होतें. त्यांनीं संहितेचा पाठ, सायणभाष्य व आश्वलायनाचें सूत्र एकापुढें एक ठेवलें आणि दाखवून दिलें कीं, मूळांत ‘अग्रे’ आहे, अग्नीचा तेथें मागमूस नाहीं. आणि लगेच पुढची ऋचा तर स्त्रीला चितेवरून खालीं उतरविणारी आहे. सव्वीस वर्षांपूर्वीं दिलेल्या सल्ल्यापेक्षां हा निर्णय फार निराळा होता. पण तोंपर्यंत त्यांनीं ग्रंथ पाहिला होता.

दोन वर्षांनीं मॅक्स मुल्लर ह्यांनीं ह्याच शोधावर एक जळजळीत वाक्य लिहिलें. पुरोहितवर्गानें जाणूनबुजून शब्द फिरविला, आणि हजारों जीव ह्या फिरविलेल्या अक्षरावर बळी गेले, असा त्याचा मथितार्थ. तेव्हांपासून हा आरोप शेंकडों पुस्तकांतून उतरून घेतला गेला. मौज अशी कीं, पुरोहितांवर विश्वास ठेवूं नका असें सांगणारे हे लेखक मॅक्स मुल्लर ह्यांच्या वाक्यावर मात्र निःशंक विश्वास ठेवीत आले.

प्रतिपक्ष स्वस्थ बसला नाहीं. ‘शब्दकल्पद्रुमा’चे कर्ते राजा राधाकांत देव ह्यांनीं १८५८ मध्यें विल्सनना पत्र लिहून सुचविलें कीं, ती ऋचा राहूं द्या, तैत्तिरीयांच्या औख्य शाखेंत अग्नीस उद्देशून दुसरे मंत्र आहेत, नारायणीय उपनिषदाच्या ८४ व्या अनुवाकांत ते उद्धृत आहेत, आणि त्यांत सहगमनाचा आधार स्पष्ट आहे. राधाकांत देव ह्यांच्या विद्वत्तेविषयीं आमच्या मनांत आदर आहे. पण औख्य शाखेची संहिता कोणीही पुढें आणलेली नाहीं. जी शाखा पाहावयास मिळत नाहीं तिच्यांतून हवें तें वचन काढून देणें ही युक्ति निबंधकारांच्या वाङ्मयांत जुनीच आहे. ब्रह्मपुराणाच्या नांवें निबंधांतून दिलेल्या एका वचनांत, ऋग्वेदाच्या वचनामुळें अशी साध्वी आत्मघातकी ठरत नाहीं, असें म्हटलें आहे. आमच्या मतें सगळ्या प्रकरणाचें बीज येथें असावें. पुराण म्हणतें ऋग्वेदांत आहे. तर मग ऋग्वेदांत तें असलेंच पाहिजे. आणि स्त्रिया, अलंकार, घृत व अंत्यकर्म हीं सर्व ज्या एका ऋचेंत एकत्र सांपडतात ती हीच असली पाहिजे. श्रद्धेनें शोधणाराला सांपडतें, ह्याचा हा मासला.

आतां अक्षरांकडे येऊं. लेखनिकांच्या चुकांचा ज्यांना परिचय आहे त्यांस विल्सन-मुल्लर ह्यांची उपपत्ति पुरती पटणार नाहीं. त्यांच्या मतें ‘अग्रे’चें ‘अग्नेः’ झालें, एवढाच फेर. परंतु कोलब्रुकच्या भाषांतरांत अग्नीचें मूळ जल आहे आणि राममोहनांच्या भाषांतरांत अग्नि जलाचा जनक आहे. दोघांनीं समास निरनिराळा सोडविला आहे, पण दोघांपुढें शब्द एकच असला पाहिजे, तो म्हणजे ‘जलयोनि’. मूळ संहितेंत येथें ‘जनयो योनि’ असे दोन शब्द आहेत. लागोपाठ आलेल्या दोन ‘यो’ंपैकीं एकावरून दुसऱ्यावर नजर घसरली कीं ‘जनयोनि’ उरतें. हा अपघात कोणत्याही दप्तरांत रोज पाहावयास मिळतो. ‘जनयोनि’स येथें कांहींच अर्थ नाहीं. बंगाली लिपींत न व ल ह्यांचीं वळणें एकमेकांस इतकीं जवळ कीं, अर्थ शोधणारा वाचक ‘जलयोनि’ वाचून मोकळा होतो. जल आलें, अंत्यकर्माचा प्रसंग आहे, मग पुढच्या ‘अग्रे’चें ‘अग्ने’ व्हावयास जोडाक्षराची एक रेघ पुरते. विसर्ग हा त्यानंतरचा.

हा पाठ शुद्ध नाहीं हें पोथी न पाहतांही कळण्यासारखें होतें. ऋचा त्रिष्टुभ् छंदाच्या मापाची. चरणास अकरा अक्षरें हवींत. खऱ्या पाठांत चौथ्या चरणाचीं अक्षरें अकरा भरतात. ‘जलयोनि’ घातलें कीं दहाच उरतात. स्वर पाहिला तर भेद आणखी उघड आहे. ‘अग्रे’ हा आद्युदात्त, ‘अग्नेः’ हा अंतोदात्त, आणि चरणाच्या शेवटीं येणारें ‘अग्ने’ हें संबोधन तर सर्वानुदात्त. म्हणजे अक्षर बदलणाराला स्वरही बदलावा लागला असता. शिवाय ही ऋचा एका ऋग्वेदांतच नाहीं. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडाच्या दुसऱ्या सूक्तांत व अठराव्या कांडाच्या तिसऱ्या सूक्तांत ती आहे, तैत्तिरीय आरण्यकाच्या सहाव्या प्रपाठकांतही आहे. आणि सर्वत्र ‘अग्रे’च आहे. परस्परांपासून दूर राहिलेल्या तीन परंपरांची ही एकवाक्यता एखाद्या निबंधांतील उद्धरणानें मोडत नाहीं.

जाणूनबुजून केलेल्या कपटाचा आरोप मात्र आम्हांस टिकणारा वाटत नाहीं. ज्याला ही ऋचा विधवांस लावावयाची आहे तो पहिल्या चरणांतील ‘अविधवाः’ हा शब्द कशाला ठेवील? तोच शब्द त्याचा दावा खोटा पाडतो. कपटी मनुष्य चौथ्या चरणांत हात चालवून पहिला चरण जसाचा तसा सोडीत नाहीं. उलट तो शब्द जागच्या जागीं राहिला आणि, आतां विधवा न होणाऱ्या, असा त्याचा अर्थ केला गेला, ह्यावरून दिसतें तें कपट नव्हे. आधींच ठरलेल्या अर्थाकडे वाक्य ओढून नेणारी भाबडी खात्री दिसते. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनीं १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या दुसऱ्या खंडांत ह्या प्रकरणाचा विचार केला आहे, आणि पुरोहितांच्या कपटाची कथा त्यांनींही उचलून धरलेली नाहीं.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, शुद्ध पाठ सांपडला म्हणजे प्रश्न मिटला. तसें नाहीं. अथर्ववेदाच्या अठराव्या कांडांतील तिसऱ्या सूक्ताच्या पहिल्या मंत्रांत पतीजवळ पडून राहणारी स्त्री पुराण धर्माचें पालन करीत आहे असा उल्लेख आहे. त्यानंतर लगेच तिला उठविणारा मंत्र येतो हें खरें, पण कोणत्या तरी फार जुन्या चालीची सावली तेथें आहे, ती लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. दुसरें असें कीं, दक्षिणेंत सहगमनाचा पुरस्कार ज्यांनीं केला त्यांना ह्या ऋचेची गरजच भासली नाहीं. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत याज्ञवल्क्याच्या आचाराध्यायावर लिहितांना सहगमनाचें समर्थन केलें आहे तें स्मृतिवचनांच्या बळावर. आयुष्य पुरें होण्यापूर्वीं मरूं नये ह्या श्रुतीचा आक्षेप त्याला ठाऊक होता, आणि त्यानें आपल्या परीनें त्यास उत्तरही दिलें. त्याच्या सुमारें दोन शतकें आधीं मेधातिथीनें मनूच्या पांचव्या अध्यायावरील भाष्यांत तोच आक्षेप मान्य केला होता. सहगमनाची तुलना त्यानें श्येनयागाशीं, म्हणजे शत्रूच्या मृत्यूसाठीं करावयाच्या कर्माशीं, केली आहे. वचन आहे म्हणून तें धर्म्य ठरत नाहीं, असा त्याचा रोख. दोघेही वेद जाणणारे. एकाच श्रुतीपुढें उभे राहून दोघे दोन वाटांनीं गेले. १७७२ मध्यें थेऊर येथें थोरल्या माधवरावांच्या मागें रमाबाई सती गेल्या, तेव्हां पुण्याच्या आसपास ‘अग्रे’ हा पाठ मुखोद्गत असणारे वैदिक थोडेथोडके नव्हते.

हीच सावधगिरी दुसऱ्या बाजूसही बाळगली पाहिजे. आठव्या ऋचेंत ‘दिधिषु’ असा एक शब्द आहे. ऋग्वेदभाष्यांत सायणांनीं त्याचा अर्थ गर्भ ठेवणारा असा केला. तोच मंत्र तैत्तिरीय आरण्यकांत आला असतां तेथील भाष्यांत पुनर्विवाहाची इच्छा करणारा असा केला. एकोणिसाव्या शतकांतील विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्यांना दुसरा अर्थ सोयीचा होता आणि त्यांनीं तो घेतला. त्यांचा हेतु स्तुत्य होता. पण एकाच आचार्याचीं दोन मतें असतां एक दाखवून दुसरें झांकणें ही रीति रघुनंदनाच्या अनुयायांहून फार निराळी म्हणतां येत नाहीं.

चूक बंगालांत रुजली आणि इतकी टिकली ह्याचें कारण विद्वत्तेचा अभाव खास नव्हे. नवद्वीपाची नव्यन्यायाची कीर्ति सर्व हिंदुस्थानभर होती. परंतु त्या प्रांतांत ऋग्वेदाचें अध्ययन विरळ झालेलें होतें. मंत्र येत ते निबंधांतील उद्धरणांतून, आणि उद्धरणाला स्वरचिन्हें नसत. कर्नल पोलिए ह्यांस १७८० नंतरच्या दशकांत वेदांच्या पोथ्या हव्या झाल्या तेव्हां त्या मिळाल्या जयपुराहून. इकडे महाराष्ट्रांत संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा पांच परींनीं तोच शब्द मागें पुढें फिरवून म्हणणारे दशग्रंथी होते. पदपाठांत ‘अग्रे’ सुटा उभा राहतो. क्रमांत तो मागील ‘योनिम्’शीं जोडून उच्चारला जातो. अशा पाठांत एक अक्षर बदलावयाचें तर सगळी साखळीच नवी घडवावी लागेल. शंकर पांडुरंग पंडित ह्यांनीं १८९५ ते १८९८ ह्या काळांत प्रसिद्ध झालेली अथर्ववेदाची आवृत्ति सिद्ध करतांना हस्तलिखितांबरोबर वैदिकांच्या मुखांतील पाठही साक्षीस घेतला, तो ह्याचसाठीं. लेखी पोथीच नेहमीं वरचढ, अशी आमच्या कांहीं संग्राहकांची समजूत असते. ह्या प्रकरणांत लेखी निबंध चुकला आणि कंठस्थ पाठ शुद्ध राहिला.

संग्राहकांपुढें एक काम उरतें. अंत्येष्टिप्रयोगांच्या व सहगमनविधीच्या सुट्या पोथ्या घरोघरच्या दप्तरांत पुष्कळ सांपडतात. आठ-दहा पानांच्या असल्यामुळें त्यांची याद करतांना त्यांना एका ओळीहून अधिक जागा कोणी देत नाहीं. अशी पोथी हातीं येईल तेव्हां ही ऋचा तीत आहे काय, असल्यास ती दहनाच्या वेळीं सांगितली आहे कीं शांतिकर्मांत, ‘जनयो योनि’ पुरें लिहिलें आहे कीं त्यांतील एक ‘यो’ गळला आहे, शेवटीं र-कार आहे कीं न-कार, आणि स्वर दिले आहेत कीं नाहींत, एवढ्या पांच गोष्टी टिपून घ्याव्या. लेखनिकाचें नांव, गांव व शक दिला असल्यास तोही उतरावा. अशा नोंदी एकत्र आल्या म्हणजे ‘जलयोनि’ हा पाठ बंगालाबाहेर कोठवर पोंचला, आणि पोंचला तो कोणत्या वाटेनें, तें सांगतां येईल.